कॅन्सर संशोधनासाठी फाइलींमधला डेटा: रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’ असं धरायचं का?

शाईचा_डाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षं मी एकच काम करते आहे. कॅन्सरच्या रुग्णांच्या फाइली वाचायच्या आणि संशोधनाला लागणारी माहिती त्यातून वेचून तक्त्यात भरायची. बायोप्सीची तारीख, हिस्टोपॅथचा रिपोर्ट, स्टेज, कोणतं औषध किती सायकल दिलं, आजार पुन्हा कधी उलटला, माणूस शेवटचा कधी येऊन गेला. यालाच आता सगळे ‘रिअल वर्ल्ड डेटा’ म्हणतात. ट्रायलसाठी मुद्दाम जमवलेला नव्हे, रोजचे उपचार चालू असताना मागे साठत गेलेला.

या डेटाची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून तर लिहायला बसले. पुरुषांमधला स्तनाचा कॅन्सर इतका विरळा की त्यांच्यासाठी वेगळी मोठी ट्रायल उभी करणं फार अवघड. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मान्यता देणारी संस्था) पालबोसिक्लिब या औषधाची मान्यता पुरुषांपर्यंत वाढवली, ती मुख्यतः अशाच नोंदींवरून: इलेक्ट्रॉनिक फाइली, विम्याचे क्लेम, औषध बाजारात आल्यानंतरचे अहवाल. म्हणजे फाइलीतल्या एकेका ओळीवर पुढे कुणाचे तरी उपचार ठरतात.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. स्तनाच्या कॅन्सरच्या जुन्या तक्त्यात हर-टूचा (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते किती आहे यावर औषध ठरतं) एक रकाना आहे. पर्याय दोनच, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. तेव्हा उपचारासाठी तेवढंच पुरायचं. पण २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध ‘हर-टू लो’ रुग्णांसाठी मान्य झालं. हर-टू लो म्हणजे आयएचसी (पेशींना रंग देऊन ते प्रथिन बघायची तपासणी) स्कोअर १+, किंवा २+ असून पुढच्या इन-सिटू (जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या) तपासणीत निगेटिव्ह. हे सगळे रुग्ण आमच्या तक्त्यात ‘निगेटिव्ह’मध्ये मिसळून गेलेत. संशोधकांनी विचारलं, ‘यातले लो किती?’ तक्त्यावरून सांगता येईना, म्हणून रेकॉर्ड रूममधून मूळ फाइली मागवल्या.

पहिल्या फाइलीत पॅथॉलॉजिस्टने स्वच्छ लिहिलं होतं, १+. दुसरीत ०. तिसऱ्या फाइलीत हर-टूचा रिपोर्टच नव्हता. पानं दोनदा उलटून पाहिली. नमुना पुढे पाठवल्याची नोंद नाही, पैसे भरल्याची पावती नाही. तपासणी झालीच नव्हती. आणि तक्त्यात तिच्या नावापुढे ‘निगेटिव्ह’. आधीच्या कुणीतरी रिकामी जागा पाहिली आणि नाही म्हणजे निगेटिव्ह असं धरलं.

त्या एका फाइलीने माझी झोप उडवली. तक्ता बघायला इतका नीटनेटका, एकही रकाना रिकामा नाही! तर प्रश्न असा: असा डेटा चांगला की वाईट हे तुम्ही कसं ठरवता? आकडेवारीवाले, डॉक्टर, सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांनी लिहा.

---

मध्यरेषा

उत्तम धागा. मी जीवसांख्यिकीत काम करतो. ‘डेटा चांगला आहे का’ हा प्रश्न मला नेहमी अर्धवट वाटतो. कशासाठी चांगला, हे आधी विचारायला हवं. तुमचा तोच तक्ता स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं सरासरी वय काढायला उत्तम आहे, आणि हर-टू लो शोधायला निरुपयोगी.

कॅन्सर रजिस्ट्र्यांनी (एखाद्या भागातल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांनी) हा विचार फार आधीपासून केला आहे. त्यांचे निकष चार: नोंदी एकमेकींशी तुलना करण्याजोग्या आहेत का, खऱ्या आहेत का, पूर्ण आहेत का, वेळेवर येतात का. पूर्णता मोजायच्या त्यांच्या युक्त्या तर शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, फक्त मृत्युदाखल्यावरूनच कळलेल्या केसेसचं प्रमाण. माणूस गेल्यावरच रजिस्ट्रीला कळलं, तर जिवंतपणी किती जण निसटत असतील याचा अंदाज येतो.

दुसरी म्हणजे, किती टक्के निदानं सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पक्की झाली. वाटतं की हा आकडा जितका जास्त तितकं बरं. पण तो संशयास्पदरीत्या जास्त असेल तर जाणकार लगेच विचारतात, तुम्ही फक्त पॅथॉलॉजी लॅबमधूनच नोंदी उचलता का? कारण स्वादुपिंडाचा किंवा फुफ्फुसाचा आजार फार पुढे गेलेल्या थकलेल्या रुग्णाची कधी कधी बायोप्सी होतच नाही. निदान स्कॅनवर होतं आणि असा माणूस रजिस्ट्रीबाहेर राहतो. अति स्वच्छ आकडा हीसुद्धा एक तक्रारच असते. तुमच्या ‘एकही रकाना रिकामा नाही’वरून हे आठवलं.

---

स्कीमा

वाचतोय. मी हॉस्पिटलांचा डेटा एका साच्यात आणण्याचं काम करतो (ओमॉप मॉडेल). आमच्याकडे तपासणी तीन पायऱ्यांची असते: साच्यात बसतंय का, भरलेलं आहे का, शक्य कोटीतलं आहे का. ही विभागणी २०१६ मध्ये कान आणि सहकाऱ्यांनी मांडली आणि आता बरीच रुळली आहे.

सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. स्त्रीला प्रोस्टेटचा कॅन्सर. निदानाच्या आधीच मृत्यू. जन्मतारीख १ जानेवारी १९००, म्हणजे कुणीतरी ‘माहीत नाही’ऐवजी टाकून दिलेली तारीख. निदानाच्या तारखांचा आलेख काढला तर दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सुळके दिसतात, कारण दिवस आठवत नसला की लोक तेच टाकतात. एककांचा घोळ सर्वांत त्रासदायक. हिमोग्लोबिन एका लॅबमध्ये १३.५ तर दुसरीत १३५, दोन्ही बरोबर, एक डेसिलिटरमागे आणि दुसरं लिटरमागे. क्रिॲटिनिनचं तसंच. १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. एकक न बघता सरासरी काढली की निम्म्या रुग्णांची किडनी कागदावर बंद पडते.

पण ताई, एक सांगतो. तुम्ही एका फाइलीवरून इतकं मनाला लावून घेऊ नका. लाखो रुग्ण असले की अशा चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

---

मध्यरेषा

स्कीमा, शेवटच्या वाक्याशी असहमत, आणि ठामपणे.

इकडेतिकडे पसरलेल्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खातात, हे खरं. एकाच बाजूला झुकलेल्या चुका खात नाहीत. रिकाम्या जागी दरवेळी ‘निगेटिव्ह’ लिहिलं जात असेल तर रुग्ण शंभर असोत की दहा लाख, चूक त्याच दिशेला जाणार. दहा लाख असले की फक्त चुकीचं उत्तर जास्त खात्रीने मिळतं. विश्वासांतर (खरं उत्तर ज्या पट्ट्यात असावं असं आपण म्हणतो तो पट्टा) अरुंद होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, वा, किती नेमकं!

रकाना रिकामा राहण्यालाही कारण असतं. इकॉग स्कोअर घ्या (० म्हणजे पूर्वीसारखा हिंडता-फिरता, ४ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला). तो कुणाचा लिहिला जातो? केमो द्यायची की नाही हे ठरवायचं आहे त्यांचा. केमोचा विचारच नाही अशांचा बऱ्याचदा राहून जातो. म्हणजे स्कोअर नसलेले आणि असलेले, हे दोन गट आजारपणातच वेगळे. ‘ज्यांचा स्कोअर आहे तेवढेच घेऊ’ म्हटलं की तुम्ही नकळत धडधाकट रुग्ण निवडलेत.

आणि ‘लाखो रुग्ण’ या शब्दांची भूल किती पडते याचं उदाहरण कॅन्सरबाहेरचं आहे, पण इथे लागू आहे. २०२० च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये कोविडवरच्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा एक अभ्यास आला. सर्जिस्फिअर या कंपनीचा डेटा, ६७१ हॉस्पिटलं, ९६,०३२ रुग्ण. त्यावरून जगभर ट्रायली थांबवल्या गेल्या. मग लोकांनी विचारायला सुरुवात केली, ही हॉस्पिटलं कोणती? मूळ नोंदी तपासायला मिळेनात, आणि ४ जूनला लेख मागे घेतला गेला. दोन आठवडेसुद्धा टिकला नाही. छापलेल्या लेखात सगळं नीटनेटकं दिसत होतं. तुमच्या तीन पायऱ्यांनी तो किती पकडला असता?

---

स्कीमा

मान्य. ‘खाऊन टाकतात’ हे मी सरसकट लिहायला नको होतं. आमच्या तपासण्या डेटा आतून सुसंगत आहे का एवढंच बघतात. तो खरा आहे का हे बघायला डेटाच्या बाहेर जावं लागतं, मूळ कागदापर्यंत. ते आमच्या बजेटमध्ये सहसा नसतं, आणि ही मला खरंच खटकणारी गोष्ट आहे.

---

वॉर्डातून

मी मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट. ओपीडी संपवून आत्ता धागा वाचला. फाइल लिहिणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

मी नोट लिहिते ती पुढच्या वेळी मला किंवा माझ्या सहकाऱ्याला कळावी म्हणून. ‘क्लिनिकली बरं. तेच चालू.’ एवढ्यात आम्हाला सगळं कळतं. आता शाईचा_डाग यांना त्यातून ‘प्रोग्रेशनची तारीख’, म्हणजे आजार वाढल्याची तारीख, काढायची असते. ट्रायलमध्ये रेसिस्टचे (स्कॅनवर गाठी मोजून ठरवायचे) नियम असतात: ठरवलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज सर्वांत कमी असताना जितकी होती त्याहून किमान २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली, किंवा नवी गाठ दिसली, की प्रोग्रेशन. ओपीडीत टेप घेऊन कोण बसतं? रेडिओलॉजिस्ट लिहितो ‘किंचित वाढ’, मी रुग्णाकडे बघते, तो जेवतोय, चालतोय, आणि औषध तसंच ठेवते. दोन महिन्यांनी पाठ दुखायला लागते, पुन्हा स्कॅन, औषध बदलते. प्रोग्रेशन कधी झालं? पहिल्या स्कॅनला, माझ्या नोटच्या दिवशी, की औषध बदललं त्या दिवशी? तीन वाचणारे तीन तारखा देतील आणि तिघांकडेही कारण असेल.

त्याहून खोल अडचण अशी. ट्रायलमध्ये स्कॅन ठरलेल्या आठवड्यांनी होतो. प्रत्यक्षात रुग्णाला त्रास झाला की होतो, किंवा तारीख मिळाली की होतो. उशिरा बघितलं तर प्रोग्रेशन उशिराच सापडणार, आणि कागदावर औषध जास्त काळ चाललेलं दिसणार. आता दोन औषधांची तुलना करा. एक सलाइनमधून दर तीन आठवड्यांनी, दुसरं गोळी, तीन महिन्यांची एकदम घरी दिलेली. पहिल्या गटाला आम्ही सतत बघतो, दुसऱ्याला नाही. गोळी सरस दिसली तर त्यात औषधाचा गुण किती आणि आमच्या न बघण्याचा किती? त्यात ती गोळी रोज घेतली गेली का, हे फाइलीत जवळजवळ कधीच नसतं. चिठ्ठी लिहिली एवढंच असतं.

आणि एक कबुली. इकॉग स्कोअर मागच्या नोटमधून तसाच पुढे आलेला मी माझ्याच फाइलींत पाहिला आहे. सलग सहा भेटींत १, आणि सातव्या भेटीला रुग्ण स्ट्रेचरवर.

---

कोरा_कागद

+१ वॉर्डातून. क्लेमच्या डेटात तर याहून अवघड. फुफ्फुसाचा कॅन्सर यकृतात पसरला की कोड पडायला हवा सी७८.७, पसरलेल्या गाठीचा. पडतो सी२२, यकृताच्याच कॅन्सरचा. कुणीतरी यकृताच्या कॅन्सरवर अभ्यास करतं आणि त्यात फुफ्फुसाचे रुग्ण जाऊन बसतात. क्लेमचा कोड पैसे मिळवण्यासाठी टाकलेला असतो, हे कधीच विसरू नये.

---

पाऊलखूण

मी या क्षेत्रातली नाही. आईला अंडाशयाचा कॅन्सर होता म्हणून धागा उघडला.

दुसऱ्यांदा आजार उलटल्यावर तिने ठरवलं की आता केमो नको. आम्ही तिला माझ्याकडे आणलं. इथल्या डॉक्टरांनी दुखण्यावरची औषधं दिली, आणि आठ महिन्यांनी ती घरीच गेली. नंतर विम्याच्या कामासाठी जुन्या हॉस्पिटलमधून फाइलीची प्रत काढली. शेवटची ओळ होती, ‘रुग्ण फॉलोअपला आल्या नाहीत.’ पुढे काही नाही.

तुम्हा सगळ्यांचं वाचून एकच विचारावंसं वाटतं. तुमच्यासारख्या कुणाच्या तक्त्यात माझी आई अजून जिवंत आहे का?

---

शाईचा_डाग

पाऊलखूण, तुमचा प्रश्न वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. खरं तेच सांगते. असू शकते.

अशा रुग्णांना आम्ही ‘लॉस्ट टू फॉलोअप’ लिहितो. पुढे विश्लेषण करणारा काय धरतो यावर सगळं अवलंबून. शेवटच्या भेटीच्या तारखेपर्यंतच त्यांना मोजलं आणि तिथून पुढचं माहीत नाही असं धरलं, तर चूक कमी होते. पण ‘मृत्यूची तारीख नाही, म्हणजे डेटा बंद झाला त्या दिवशी जिवंत’ असं धरणारे तक्ते मी पाहिले आहेत. मग तुमच्या आईंसारख्यांची वर्षंच्या वर्षं जिवंत म्हणून मोजली जातात आणि त्यांना दिलेलं औषध आहे त्याहून गुणकारी दिसतं. पहिली पद्धतसुद्धा पूर्ण निर्दोष नाही. त्यात गृहीत असतं की येणं थांबवलेले आणि येत राहिलेले, दोघांचं पुढे सारखंच होतं. तुमच्या आईंनी येणं थांबवलं ते आजार वाढला म्हणूनच ना.

डेन्मार्कसारख्या देशात प्रत्येक नागरिकाचा एकच क्रमांक असतो, आणि कॅन्सर रजिस्ट्री (तिथली १९४३ पासूनची आहे) मृत्यूच्या नोंदींशी त्यावरून जोडता येते. माणसाने हॉस्पिटल बदललं, घरी राहिला, तरी तो हरवत नाही. जिथे अशी जोडणी नाही तिथे कुठलाही जगण्याचा आकडा वाचताना मी आता पहिल्यांदा हेच बघते: मृत्यू कुठून कळले?

---

मध्यरेषा

शाईचा_डाग यांनी लिहिलं त्याला जोडून. मृत्यूची तारीख बरोबर असूनही वेळेचा हिशेब फसू शकतो. समजा ‘दुसरं औषध मिळालेले रुग्ण न मिळालेल्यांपेक्षा जास्त जगले’ असा निष्कर्ष आला. दुसरं औषध मिळायला तिथपर्यंत जिवंत राहावं लागतं. निदानापासून औषध सुरू होईपर्यंतचा काळ त्या गटाला फुकट मिळाला. त्या काळात जो गेला तो आपोआप ‘न मिळालेल्यां’त मोजला गेला.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं असंच झालं. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना कॅन्सर कमी, असं कितीतरी निरीक्षणात्मक अभ्यास सांगत होते. २०१२ मध्ये सुइसा आणि अझुले यांनी दाखवलं की त्यातल्या अनेकांत वेळेच्या हिशेबाचे असे दोष आहेत. पुढे मधुमेह नसलेल्या, स्तनाच्या कॅन्सरच्या ३,६४९ रुग्णांवर मोठी ट्रायल झाली, २०२२ मध्ये निकाल आला: फायदा नाही. प्रश्न तंतोतंत तोच नव्हे, पण त्या अभ्यासांनी लावलेली आशा टिकली नाही.

स्टेजच्या बाबतीतही जपून. १९८५ मध्ये फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे जुने आणि नवे रुग्ण तुलनेला घेतले. नव्या काळात प्रत्येक स्टेजचे रुग्ण जास्त जगत होते. कारण उपचार नव्हे, नवे स्कॅन! पूर्वी न दिसणारा पसरलेला आजार दिसू लागला, म्हणून सुरुवातीच्या स्टेजमधले सर्वांत आजारी रुग्ण पुढच्या स्टेजमध्ये गेले. मागच्या गटाची सरासरी सुधारली, आणि पुढच्या गटात ते तुलनेने बरे म्हणून त्याचीही सुधारली. या सरकण्यामुळे एकही माणूस एक दिवसही जास्त जगला नाही. म्हणून तक्त्यात नुसती ‘स्टेज ३’ नको, ती कुठल्या तपासण्यांवरून आणि टीएनएमच्या (स्टेज ठरवायच्या पद्धतीच्या) कितव्या आवृत्तीने ठरली हे हवं.

---

स्कीमा

आता सगळीकडे विचारलं जातंय की फाइली वाचायचं काम भाषा-मॉडेलकडे (मजकूर वाचणाऱ्या एआयकडे) द्यावं का. शाईचा_डाग, तुमचं मत?

---

शाईचा_डाग

द्यावं, पण माणसाला लावतो तीच फूटपट्टी लावून. आमच्याकडे काही फाइली दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायच्या असतात आणि मग दोघांचं किती जुळलं ते ‘कॅपा’ नावाच्या आकड्याने मोजतात (योगायोगाने जुळणारा भाग त्यात वजा होतो). मॉडेलला तिसरा वाचणारा समजा आणि प्रत्येक रकान्याचा हिशेब वेगळा ठेवा. औषधाचं नाव सापडणं सोपं. मेटास्टेसिस म्हणजे दुसरीकडे पसरलेला आजार. ‘मेटास्टेसिसचा पुरावा नाही’, ‘मेटास्टेसिस नाकारण्यासाठी स्कॅन’, ‘वडिलांना मेटास्टेसिस होता’, या तीन वाक्यांत शब्द एकच आणि अर्थ तीन. शिवाय मॉडेलने उत्तरासोबत फाइलीतलं ते वाक्य दाखवलंच पाहिजे. वाक्य नसेल तर ‘सापडलं नाही’ म्हणायची मुभा हवी. नाहीतर पुन्हा रिकाम्या जागी निगेटिव्ह.

या चर्चेनंतर आमच्या टीमशी बोलले. हर-टूच्या रकान्यात आता मूळ स्कोअर जसाच्या तसा जाणार, आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह त्यावरून मागाहून काढणार. स्कोअर नसेल तर तीनपैकी एक कारण लिहायचं: तपासणी झाली नाही, झाली पण रिपोर्ट फाइलीत नाही, रिपोर्ट आहे पण वाचता येत नाही. जुन्या सगळ्या ‘निगेटिव्ह’ फाइली पुन्हा उघडायच्या ठरल्या आहेत. दोघी जणी मिळून करू, काही महिने लागतील. त्या तिसऱ्या फाइलीपासून सुरुवात केली आहे.

---

वॉर्डातून

तुमची ती तीन कारणं माझ्या ओपीडीच्या साच्यात टाकायला सांगितली आहेत. आणि इकॉग स्कोअर मागच्या नोटमधून आपोआप येणं बंद करून घेतलं. रोज थोडा वेळ जास्त जाईल, जाऊ दे.

---

पाऊलखूण

शाईचा_डाग, आईच्या फाइलीत तारीख घालायची असेल तर काय करावं लागतं? तुम्हाला पाठवू का?

---

शाईचा_डाग

मला नको पाठवू गं, अशी माहिती इथे किंवा मला देऊ नकोस. त्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात मृत्युदाखल्याची प्रत आणि फाइल नंबर घेऊन जा, आणि फाइलीत नोंद करा म्हणून लेखी अर्ज दे. पोच घे. त्यांची माहिती पुढे रजिस्ट्रीला जात असेल तर तिथेही कळवा असं त्याच अर्जात लिही.

---

पाऊलखूण

प्रत काढून ठेवली आहे. फाइल नंबर आईच्या जुन्या पिशवीत सापडला, तिच्याच अक्षरात. सोमवारी जाते.